माळ्यावरच्या तीन पेट्या: लहानपणची खेळणी ठेवावीत की देऊन टाकावीत?

माळेकर

मंडळी, बरेच दिवस सतावणाऱ्या एका घरगुती प्रश्नावर आपले मत हवे आहे, म्हणून हा धागा काढतो. सदाशिव पेठेतील आमची इमारत पुनर्विकासासाठी दिवाळीनंतर रिकामी करून द्यायची आहे आणि पुढची किमान तीन वर्षे आम्हांला कोथरूडला भाड्याच्या लहान जागेत काढायची आहेत. भांडीकुंडी, पुस्तके, गाद्या यांचा निकाल लागला; माळ्यावरून उतरवलेल्या तीन पत्र्याच्या पेट्यांचा मात्र लागत नाही.

पहिल्या पेटीत माझी स्वतःची, म्हणजे १९७०च्या दशकातली खेळणी आहेत. जत्रेत घेतलेली पत्र्याची फटफट वाजणारी बोट, चावी हरवलेले चावीचे माकड, कान उडालेला लाकडी घोडा, काचेच्या गोट्या आणि दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रे. या चित्रांत सिंहासनावरचे महाराज आहेत, तोफा आहेत, मावळे आहेत, गवळण आहे आणि एक सायकलवालाही आहे, ज्याच्या शिवकालातील उपस्थितीला आमच्या वाड्यात कुणी कधी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या पेटीत आईची आणि पुढे माझ्या बहिणीच्या वाट्याला आलेली पितळी भातुकली आहे.

तिसरी पेटी वेगळीच आहे. नोकरी लागून हातात चार पैसे खेळू लागल्यावर, वयाच्या तिशीनंतर, मी जुन्या बाजारातून आणि रद्दीच्या दुकानांतून जी खेळणी विकत घेत गेलो, ती या पेटीत आहेत: ओतीव धातूच्या मोटारी, मेकॅनोचा (भोकांच्या पट्ट्या स्क्रूने जोडून क्रेनसारख्या वस्तू बांधायच्या खेळाचा) एक बराचसा पूर्ण संच, आगगाडीचे डबे. यातले एकही खेळणे माझ्या लहानपणी माझ्याकडे नव्हते.

सौभाग्यवतींनी सरळ प्रश्न केला, "यांतली तुमच्या लहानपणची कोणती?" मी पहिल्या पेटीकडे बोट दाखवले. "मग ती ठेवा आणि तिसरी देऊन टाका." हिशेब चोख आहे. परंतु मनाशी विचार केला तेव्हा लक्षात आले की पहिली पेटी द्यायला मी सहज तयार होईन, अडते ते तिसरीपाशी. असे का व्हावे, हे मला नीट सांगता येत नाही. आपल्यापैकी कुणाचा असा अनुभव आहे काय?

मोकळी_खोली

फोटो काढावेत आणि सगळे देऊन टाकावे. मी गेल्या वर्षी तसेच केले व एकदाही पस्तावलो नाही. आठवण मनात असते, पेटीत नसते.

शुक्रवारकर

ठेवावे की द्यावे हे माळेकरांनी ठरवावे, पण तीन वर्षे पेट्या कुठेतरी पडून राहणार असतील तर आधी पुण्याच्या चार पावसाळी महिन्यांचा विचार करावा. मी वीसेक वर्षे जुन्या वस्तू हाताळतो आहे आणि माझ्या पाहण्यात चोरीपेक्षा, मुलांपेक्षा आणि वयापेक्षा जास्त खेळणी मालकाच्या चुकीच्या काळजीने गेलेली आहेत.

सर्वांत मोठा घात डांबराच्या गोळ्या करतात. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करते आणि पेटी उघडल्यावर मोटारीची चाके एकमेकांना चिकटलेली सापडतात. मऊ पीव्हीसीच्या बाहुल्या आणि चित्रे यांचेही तसेच आहे. मऊपणासाठी त्यांत जो द्रव मिसळलेला असतो तो वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येतो, खेळणे चिकट होते आणि शेजारी कडक प्लास्टिक असेल तर त्यालाही ते खाते. म्हणून मऊ आणि कडक प्लास्टिक एका पुडक्यात बांधू नये, आणि पॉलिथिनमध्ये गच्च गुंडाळून तर मुळीच ठेवू नये.

सेल काढले आहेत असे आपल्याला नेहमी वाटते, आणि एखादा तरी आत राहिलेला असतो. जुन्या जस्त-कार्बन सेलमधून गळणारा द्राव आम्लधर्मी असतो, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. हल्लीच्या अल्कलाइन सेलचा द्राव उलट प्रकारचा असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. चावीच्या खेळण्याची चावी पूर्ण उतरवून मगच ते ठेवावे, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत राहिलेली कमान ढिली पडते. पत्र्याच्या रंगीत छपाईवर तेल चोपडू नये, दंतचक्रांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. कापडी खेळण्यांत किडीचा संशय असेल तर ती पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावीत. घरच्यांना हे समजावून सांगणे हा त्यातला अवघड भाग आहे.

किल्ल्यावरची चित्रे कच्च्या मातीची असतील तर ती ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह कृपया टाळावा. माझ्या एका नातेवाइकांनी बाजीप्रभूंचे नाक असेच गमावले. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी आणि चित्रे सुती कापडात, कोरड्या भुशात ठेवावीत. सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, पण त्या दर पावसाळ्यानंतर वाळवाव्या लागतात. ते होणार नसेल तर टाकूच नयेत.

थोडक्यात, जे तीन वर्षांत एकदाही उघडून पाहिले जाणार नाही ते आपण ठेवलेले नसते, केवळ त्याचा निर्णय लांबवलेला असतो.

माळेकर

शुक्रवारकर, मनःपूर्वक आभार. डांबराच्या गोळ्या आजच काढून टाकल्या. मेकॅनोच्या पेटीत त्या होत्या, सुदैवाने पट्ट्या धातूच्या आहेत.

मोकळी_खोली यांना इतकेच सांगावेसे वाटते की बोटीचा फोटो काढून पाहिला, तो फटफट वाजत नाही. ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो. बोटीच्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी टाकी असते आणि तिच्यापासून निघालेल्या दोन बारीक नळ्या मागे पाण्याखाली उघडतात. नळ्यांत पाणी भरून टाकीखाली मेणबत्तीचा तुकडा पेटवला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि नळ्यांतले पाणी मागे ढकलले जाते. पुढच्याच क्षणी वाफ गार होऊन पाणी पुन्हा आत ओढले जाते. बाहेर पडणारे पाणी एका झोताने जाते आणि आत येणारे चहूकडून येते, म्हणून ओढाताणीत बोट पुढे सरकते. टाकीवरचा पातळ पत्रा या आवर्तनात वर-खाली होतो, तोच तो फटफट आवाज. या यंत्रणेचे पेटंट टोमा पियो या फ्रेंच गृहस्थाने १८९१ मध्ये इंग्लंडात घेतले होते, हे मला पन्नाशीत कळले. सहाव्या वर्षी मी तिला न्हाणीघरातल्या घंगाळात फिरवत होतो, आणि आईला घंगाळातल्या काजळीचा जाब द्यावा लागत होता तो मलाच.

नदीकाठची

माळेकर, तुमची दुसरी पेटी तुम्ही एका वाक्यात उरकलीत. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडे लिहिते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहत होतो. नेसत्या कपड्यांनिशी निघालो, आणि पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. माझी भातुकली कोनाड्यात होती. चूल, शेगडी, खलबत्ता, जाते, पोळपाट-लाटणे, विळी, सोऱ्या, पाणी तापवायचा बंब असा सगळा संसार होता. गाळ उपसताना वडिलांना त्यातले फक्त बंबाचे झाकण सापडले, रुपयाएवढे. मोठ्या माणसांचे इतके गेले होते की भातुकलीसाठी रडण्याची मला लाज वाटली, म्हणून मी रडले नाही. ठेवावे की द्यावे असा प्रश्न आमच्या पिढीतल्या पुष्कळांना पडलाच नाही, तो नदीनेच सोडवला.

नोकरीत असताना मी पुन्हा भातुकली जमवायला लागले. तुळशीबागेत पितळी जिन्नस मिळत, काही तांबट आळीतून सांगून करून घेतले, काही ओळखीच्या आजींनी आपणहून दिले. आज दोनशेच्या वर नग आहेत. कारागिराने जीव ओतलेला नग कसा ओळखावा हेही या निमित्ताने कळले: त्याच्या सोऱ्याची चकती फिरते, जात्याच्या पाळीला खुंटा असतो, बंबाच्या तोटीतून खरोखर पाणी येते. नुसता आकार केलेला नग शोभेचा. ज्यातून पाणी येते ती भातुकली.

एक कळकळीची विनंती आहे. भातुकली द्यायची असेल तर अख्खी द्यावी. कुणाला विळी, कुणाला तांब्या अशी वाटणी केली की उरते ती पितळेची मोड आणि तिचा भाव वजनावर होतो. आणि पितांबरीने रोज घासून तिच्यावरची नक्षी पुसून टाकू नये, वर्षातून एकदा चिंच लावावी, पुरते.

डबाबंद

इथे कुणी पैशांविषयी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मी मोटारी आणि जी.आय. जो या अमेरिकी सैनिक-खेळण्यांची चित्रे जमवतो आणि विकतोही. आपल्याकडे फनस्कूलने जी.आय. जोची जी चित्रे काढली, त्यांतल्या काहींचे रंग मूळ अमेरिकी चित्रांपेक्षा इतके चमत्कारिक होते की आज परदेशातले संग्राहक मुद्दाम तीच शोधतात. आपल्या भावंडांनी ती जमिनीत पुरून, फटाक्याने उडवून संपवली, त्यामुळे वेष्टनासकट राहिलेल्या नगाला चांगली किंमत येते. बाहेरून मागवणे मात्र आता परवडत नाही. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

तरीही माळेकरांना माझा सल्ला असा की विकायचे असेल तर लांबवू नये. खेळण्याला भाव देणारा माणूस बहुधा ज्याला ते लहानपणी हवे होते तोच असतो. तो चाळिशी-पन्नाशीत असतो तेव्हा त्याच्याकडे पैसे असतात आणि माळाही असतो. सत्तरीत त्याच्याकडेच तुमच्यासारख्या तीन पेट्या असतात. मेकॅनो मागणारे गिऱ्हाईक दरवर्षी कमी होते आहे, हे मी स्वतः पाहतो आहे. बोट, माकड, घोडा यांना मात्र बाजारात किंमत नाही. कठोर वाटेल, पण खरे आहे.

पाटीपेन्सिल

मी एका बालवाडीशी संबंधित आहे, म्हणून देणगीविषयी लिहिते. दिवाळीच्या साफसफाईनंतर आमच्या दाराशी जी पोती येतात, त्यांत निम्म्याहून अधिक वस्तू आम्हांला टाकून द्याव्या लागतात. चाक नसलेली मोटार, अर्धे तुकडे हरवलेले कोडे, एका डोळ्याचे अस्वल. देणाऱ्याला वाटते, गरीब मुलांना काहीही चालेल. मुलांना चालत नाही आणि चालूही नये.

तुमच्या पहिल्या पेटीतील काहीही लहान मुलांना देऊ नका. जुन्या रंगांत शिसे असू शकते, पत्र्याच्या कडा कापतात आणि गोट्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, त्यामागे अशीच कारणे आहेत. माझ्या मते तुमची मेकॅनो मात्र आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्यावी आणि ती पट्ट्या वाकवतील हे मान्य करून द्यावी. अरविंद गुप्ता पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि रद्दी कागद यांतून खेळणी करून दाखवत असत. खेळणे मोडून पाहण्याचे स्वातंत्र्य हे मुलाला मिळणारे सर्वांत चांगले बक्षीस आहे, हे मी तिथे बसूनच शिकले.

माळेकर

पाटीपेन्सिल, आपले म्हणणे मला लागले, कारण तो अपराध माझ्या हातून घडलेला आहे. दहाएक वर्षांपूर्वी मी खेळण्यांचे एक खोके एका संस्थेला दिले होते. दोन वर्षांनी अन्य कामासाठी तिथे गेलो तेव्हा जिन्याखाली ते खोके मीच बांधलेल्या सुतळीसकट तसेच होते. तेव्हा मला संस्थेचा राग आला होता. आज वाटते, आत काय भरले होते हे आधी आठवायला हवे होते.

शनिपारावरून

संग्रहालयाचे नाव अजून कुणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. भातुकली राजा केळकर संग्रहालयाला का देऊ नये?

शुक्रवारकर

विचारायला हरकत नाही, पण अपेक्षा माफक ठेवावी. त्या संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि त्यांचा लहानसा भागच एका वेळी मांडता येतो. आपली वस्तू तिथल्या कोठारात गेली तर ती सुरक्षित राहील, परंतु माळा बदलला एवढेच होईल. शिवाय घेणाऱ्याला वस्तूइतकीच तिची हकीकत हवी असते: कुणाची, कोणत्या साली, कुठून घेतलेली. ती लिहून काढण्याचे कष्ट देणारे सहसा घेत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. दिनकर केळकर, म्हणजेच कवी 'अज्ञातवासी', यांनी अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी असे जे आयुष्यभर गोळा केले, त्या सगळ्याला त्यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. मी त्या इमारतीत शेकडो वेळा गेलो आहे. बाहुल्यांच्या कपाटापाशी ही गोष्ट आठवली की मी जरा लवकर पुढे सरकतो.

मोकळी_खोली

सर्वांचा आदर राखून एक स्पष्ट बोलतो. तिशी उलटलेल्या माणसाने स्वतःसाठी खेळणी विकत घेणे, ती पेटीत बंद करणे आणि मग ती सोडवत नाहीत म्हणून चर्चा करणे, हा मला खरेदीचाच एक प्रकार वाटतो. माळेकरांच्या तिसऱ्या पेटीत बालपण नाही, फक्त पावत्या आहेत.

नदीकाठची

मोकळी_खोली, माझे दोनशे नगही तुमच्या हिशेबाने पावत्याच आहेत. आम्ही कोथरूडच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नातवाला नेले होते. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि एका गृहस्थाच्या आगगाड्यांच्या छंदातून उभे राहिले आहे. सिग्नल पडतो, फाटक लागते, गाडी थांबते. समोर बसलेल्या मोठ्या माणसांचे चेहरे एकदा पाहून यावेत आणि मग पावत्यांविषयी बोलावे.

माळेकर

मोकळी_खोली यांचे वाक्य मला दोन दिवस पुरले, आणि रागावण्याऐवजी मी ते उपयोगात आणायचे ठरवले. तिसरी पेटी खाली ओतली आणि एकेक नग हातात घेऊन स्वतःला विचारले की हा कुणाकडे होता. प्रत्येकाला उत्तर मिळाले. निळी मोटार वरच्या मजल्यावरच्या मुलाची. आगगाडी मुंबईच्या मावसभावाची, जिला हात लावायचा नाही असे मला दारातच सांगितले होते. आणि मेकॅनो वाड्यातल्या माझ्या जिवलग मित्राची. त्या हिरव्या-तांबड्या पट्ट्यांची क्रेन मी उंबऱ्यात उभा राहून पाहिलेली आहे. म्हणजे माझ्याकडे जे होते ते पहिल्या पेटीत आहे आणि त्याच्याशी मी पोटभर खेळून झालो आहे, त्यामुळे ते देताना जड जात नाही. तिसऱ्या पेटीत जे आहे त्याच्याशी मी आजवर एकदाही खेळलेलो नाही. सौभाग्यवतींचा हिशेब चुकला नव्हता, मीच त्यांना अपुरी माहिती दिली होती.

त्या मित्राला मी फोन केला. तो आता बाणेरला राहतो. मेकॅनो तुला देऊ काय, असे विचारले. मला वाटले होते तो हरखून जाईल. तो म्हणाला, "मला नको बाबा. ती माझी कधी नव्हतीच. दर रविवारी अण्णा ती मांडून बसायचे आणि मी स्क्रू धरायचो. एक पट्टी वाकवली म्हणून मी मार खाल्ला आहे. तू उंबऱ्यात उभा असायचास, तेव्हा मला वाटायचे की हा बाहेर मोकळा आहे." आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला की तुझ्या बोटीचे काय झाले, कारण तशी बोट मिळावी म्हणून त्याने घरी दोन दिवस सत्याग्रह केला होता.

शेवटी झाले ते असे. भातुकली अख्खी बहिणीकडे नाशिकला गेली. तिने आधी फक्त स्टोव्ह आणि बंब मागितला होता, मी तिला नदीकाठची यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गवळण, सायकलवाला आणि मावळे शेजारच्या मुलांनी या दिवाळीत किल्ल्यावर मांडले आणि त्यांतले दोन मावळे पहिल्याच दिवशी धारातीर्थी पडले. महाराज मी ठेवून घेतले. मोटारी डबाबंद यांना दाखवल्या, त्यांनी सांगितलेला भाव ऐकून पावत्या शोधण्याची इच्छा उरली नाही, तरी निम्म्या दिल्या. मेकॅनो पाटीपेन्सिल यांच्या ओळखीच्या एका शाळेत जाणार आहे, पण जानेवारीत. तोवर रोज रात्री जेवणानंतर मी क्रेन बांधतो आहे. तीन पट्ट्या मीच वाकवल्या.

बोट मित्राला द्यायची ठरवली आहे. तो रविवारी येणार आहे. मात्र काल घंगाळात लावून पाहिली तेव्हा डाव्या नळीच्या सांध्यातून पाणी गळू लागले. कथिलाचा बारीक डाग देऊन ते बंद करता येईल काय, आणि असे काम करणारे कुणी तांबट आळीत अजून बसते काय, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया शनिवारच्या आत कळवावे.

नदीकाठची

बसते. सकाळी अकराच्या आत जावे, आणि बोट पाण्यात लावूनच दाखवावी. नुसती तोंडाने सांगितली तर शोभेची समजून परत पाठवतील.